पाणी नक्की कोणाला नाही? इंग्रजी वाक्यातला 'नॉट' कुठपर्यंत पोचतो

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांत सूचना हल्ली इंग्रजीतच लागतात. मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी, सिंधी अशी सगळी मंडळी एकाच लिफ्टमधून जात असल्यावर दुसरं काय होणार! आमच्या ग्रुपवर मागे एकदा सूचना आली: "ऑल विंग्ज विल नॉट गेट वॉटर ऑन फ्रायडे." ए विंगने गुरुवारी रात्री बादल्या, पिंपं, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवले. सी विंगने तीच ओळ वाचली आणि निवांत झोपली. सगळ्यांना मिळणार नाही म्हणजे काहींना मिळणार, आणि आपली टाकी तर वेगळी आहे, असा त्यांचा हिशेब. शुक्रवारी सकाळी सी विंगमधल्या काही जणांनी ए विंगमधून तांब्या-तांब्याने पाणी नेलं. सेक्रेटरीकाकांचं म्हणणं एकच होतं, "मी तर स्पष्ट लिहिलं होतं."

खरं म्हणजे दोन्ही विंगांनी इंग्रजी बरोबर वाचलं होतं. त्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही व्याकरणात बसतात. कुठल्याही विंगला पाणी नाही, हा एक. सगळ्या विंगना मिळेल असं नाही, हा दुसरा. शब्द तेच, क्रम तोच, 'नॉट' एकच. मग फरक आला कुठून?

हा प्रश्न फक्त सोसायटीच्या फळ्यापुरता नाही. विम्याची कागदपत्रं, परीक्षेच्या सूचना, ऑफिसातले मेल, एवढंच काय आपल्या राज्यघटनेचं एक कलमसुद्धा 'नॉट'च्या जागेवर उभं आहे. म्हणून हे जरा नीट समजून घेऊ.

नकाराचा पल्ला

सोसायटीत पाणी बंद करायचं तर व्हॉल्व फिरवायचा. हाताची क्रिया प्रत्येक वेळी तीच. पण गेटजवळचा मेन व्हॉल्व फिरवला तर अख्खी सोसायटी कोरडी पडते. गच्चीवरच्या टाकीचा फिरवला तर एकच विंग. आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा फिरवला तर फक्त तेवढं सिंक, बाथरूमचा नळ मात्र धो धो चालू. कोणाचं पाणी गेलं हे व्हॉल्व कुठे आहे यावर ठरतं, तो किती जोरात फिरवला यावर नाही.

वाक्यातला नकारही असाच. तो जिथे बसतो तिथून पुढे काही भागावर त्याचा अंमल चालतो, बाकीचं वाक्य त्यातून सुटतं. भाषाशास्त्रात या अंमलाखालच्या भागाला नकाराची व्याप्ती म्हणतात. मी इथून पुढे नुसता 'पल्ला' म्हणेन, म्हणजे शब्दकोश बाजूला ठेवता येईल.

पल्ला बदलला की काय होतं ते दोन छोट्या वाक्यांत दिसतं. "आय रिअली डोन्ट नो" म्हणजे मला खरंच माहीत नाही. "आय डोन्ट रिअली नो" म्हणजे मला तसं नक्की माहीत नाही, थोडंफार ठाऊक असेलही. पहिल्यात 'रिअली' नकाराच्या बाहेर आहे, त्यामुळे तो नकारालाच जोर देतो. दुसऱ्यात 'रिअली' नकाराच्या पल्ल्यात सापडला, म्हणून नाकारला गेला तो 'खरंच'पणा. "द लिफ्ट इज नॉट ऑलवेज वर्किंग" ही तक्रार आहे; 'ऑलवेज' पुढे आणून 'नॉट' त्याच्या मागे टाकला तर लिफ्ट कधीच चालत नाही असं होतं, आणि मग सोळाव्या मजल्यावरचे लोक मोर्चा काढतील.

या उदाहरणांत इंग्रजी शिस्तीत वागते: जे आधी येतं त्याचा पल्ला मोठा, जे नंतर येतं ते त्याच्या आत. ही शिस्त प्रत्येक ठिकाणी पाळली गेली असती तर हा लेख इथेच संपला असता.

'ऑल' आला की शिस्त मोडते

शिस्तीप्रमाणे पाहिलं तर आमच्या सूचनेत 'ऑल' आधी, 'नॉट' नंतर. म्हणजे 'सगळ्या विंगा घ्या, त्यांतल्या प्रत्येकीला पाणी नाही', हा ए विंगचा अर्थ. पण 'ऑल' आणि 'एव्हरी' या शब्दांच्या बाबतीत इंग्रजी बोलणारे शतकानुशतकं दुसरा अर्थ लावत आले आहेत. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यावरच्या नाटकात "ऑल दॅट ग्लिस्टर्स इज नॉट गोल्ड" अशी ओळ आहे. शिस्तीने वाचली तर अर्थ होतो, चकाकणारी एकही वस्तू सोनं नसते. मग सोनं बिचारं चकाकायचंच नाही असं म्हणावं लागेल! पण तसं कोणी वाचत नाही. आपण सगळे 'चकाकतं ते सगळंच सोनं नसतं' असंच वाचतो. म्हणजे 'नॉट' बसलाय मागे, पण त्याचा अंमल उडी मारून पुढच्या 'ऑल'वर चालतोय. आत कुठेतरी असलेला व्हॉल्व फिरवला आणि गेटवरची मेन लाइन बंद झाली, असा हा प्रकार.

यावरून "संदर्भावरून कळतं की, एवढं काय?" असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पुष्कळदा कळतं. पण ही कला जन्मजात नाही. भाषाशास्त्रज्ञ ज्युलियन म्युसोलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साधारण पाच वर्षांच्या मुलांना खेळण्यातल्या घोड्यांचा खेळ दाखवला होता. तीन घोडे, त्यांतले दोन कुंपणावरून उडी मारतात, तिसरा मारत नाही. मग एक बाहुली म्हणते, "एव्हरी हॉर्स डिड नॉट जंप ओव्हर द फेन्स." मोठी माणसं म्हणतात, बरोबर, सगळ्यांनी मारली नाही. लहान मुलं मात्र बहुतेक वेळा म्हणतात, चूक, दोघांनी तर मारली! मुलं शब्दांच्या क्रमाप्रमाणे चालतात. मोठे काय पाहिलं त्यावरून अर्थ मागे-पुढे करतात.

आता मुद्दा असा, की घोड्यांचा खेळ समोर घडला होता. आमच्या ग्रुपवरच्या सूचनेला संदर्भ कुठला? शुक्रवार अजून यायचा होता. ज्याच्याकडे संदर्भ नसतो तो आपल्या सोयीचा संदर्भ घालतो, आणि सी विंगने तेच केलं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच अर्थ असतो, त्यामुळे त्याला वाक्य स्पष्टच दिसतं. स्पेलिंग आणि व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही इथे खूण करेलच असं नाही, कारण व्याकरणात चूक नाहीच.

उपाय मात्र अगदी सोपा आहे. सगळ्यांनाच मिळेल असं नाही, हे म्हणायचं असेल तर "नॉट ऑल विंग्ज विल गेट वॉटर", कोणालाच नाही म्हणायचं असेल तर "नो विंग विल गेट वॉटर". नकार थेट त्या शब्दाला चिकटवला की उडी मारायला जागाच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर सूचना लिहिताना सर्वांत चांगलं वाक्य बिननकाराचं: "ओन्ली ए अँड बी विंग्ज विल गेट वॉटर."

मराठीत असा घोळ नसतो?

असतो. फक्त आपल्याकडे तो सोडवायची साधनं जास्त आहेत. 'सगळ्या विंगना पाणी येणार नाही' हे मराठी वाक्यही दोन्हीकडे झुकतं. पण आपण लगेच 'कोणत्याच विंगला' किंवा 'सगळ्याच विंगना येईल असं नाही' म्हणू शकतो. तो इवलासा 'च' फार कामाचा. शिवाय मराठीत नकार बहुधा क्रियापदाजवळ, वाक्याच्या शेवटी येतो. ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो आणि मग सगळ्या वाक्याचा हिशेब एकदम लावतो. इंग्रजीत नकार लवकर येतो आणि पुढच्या शब्दांना त्याची वाट पाहायची नसते, तो आधीच आलेला असावा लागतो.

यातूनच आपली एक नेहमीची चूक होते. 'कोणीही आलं नाही' हे मराठीत निर्दोष वाक्य. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून आपण "एनीबडी डिड नॉट कम" म्हणतो आणि समोरचा कपाळाला आठ्या घालतो. 'एनीबडी', 'एनीथिंग', 'एव्हर' या जातीच्या शब्दांना आपल्या आधी नकार लागतो. प्रश्न किंवा 'इफ' असेल तरी चालतं, पण साध्या वाक्यात नकार मागाहून आला तर त्याचा पल्ला मागे वळून 'एनीबडी'पर्यंत पोचत नाही. 'ऑल'च्या बाबतीत 'नॉट'ला उडी मारायची मुभा आहे, 'एनी'च्या बाबतीत नाही. का, असं विचारलंत तर भाषाशास्त्रज्ञांची अनेक पानं भरतील. आपण एवढंच धरायचं की 'नोबडी केम' म्हणावं.

'मस्ट नॉट' आणि 'डोन्ट हॅव टू'

इथे मराठी फार स्वच्छ आहे. 'भरू नका', 'भरू नये', 'भरायची गरज नाही', 'भरता येणार नाही', प्रत्येकासाठी वेगळं रूप. इंग्रजीत मात्र सगळीकडे तोच 'नॉट', आणि त्याने 'मस्ट', 'मे', 'कॅन' यांच्याशी वेगवेगळे करार करून ठेवलेले.

'मस्ट' म्हणजे सक्ती. "यू मस्ट नॉट पे" यात सक्ती शाबूत राहते आणि नकार तिच्या आत बसतो: न भरण्याची सक्ती, म्हणजे मनाई. "यू डोन्ट हॅव टू पे" यात नकार बाहेर बसतो आणि सक्तीच रद्द करतो: भरायची गरज नाही, भरलेत तर हरकत नाही. 'कॅन'चं उलटं आहे. 'कॅनॉट'मध्ये नकार बाहेर बसून शक्यताच बंद करतो. हे नियम तर्काने काढता येत नाहीत, भाषेच्या सवयी आहेत त्या. जर्मनमध्ये 'मस्ट'चा सख्खा भाऊ असलेला शब्द नकाराबरोबर आला की 'करायची गरज नाही' असा अर्थ देतो. जर्मन शिकणारे इंग्रज आणि इंग्रजी शिकणारे जर्मन, दोघांचीही इथे हमखास फसगत होते.

'मे नॉट' तर सरळ दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो. "व्हिजिटर्स मे नॉट यूज द सर्व्हिस लिफ्ट" म्हणजे परवानगी नाही. "द लिफ्ट मे नॉट वर्क टुनाइट" म्हणजे आज रात्री कदाचित चालणार नाही. आता समजा प्रश्नपत्रिकेवर लिहिलंय, "कँडिडेट्स मे नॉट आन्सर ऑल क्वेश्चन्स." सगळे प्रश्न सोडवायला मनाई आहे? की सगळे नाही सोडवले तरी चालेल? की आमचा अंदाज आहे की मुलांना सगळे जमणार नाहीत? बिचारा विद्यार्थी तिसरा अर्थ धरून घाबरणार. अशा ठिकाणी 'नीड नॉट' लिहिलं की वाद मिटतो. माझं मत विचाराल तर सूचनेत 'मे नॉट' लिहूच नये.

नोकरी सोडली की नाही?

ऐरोलीच्या आयटी पार्कमधला एखादा मुलगा मुलाखतीला बसलाय. तो म्हणतो, "आय डिड नॉट लीव्ह द कंपनी बिकॉज ऑफ द सॅलरी." त्याने कंपनी सोडली का?

एका वाचनात सोडली, पण पगार हे कारण नव्हतं. नकाराचा पल्ला 'बिकॉज'पर्यंत पोचला आणि त्याने कारण नाकारलं, घटना नाही. दुसऱ्या वाचनात सोडलीच नाही, आणि त्याचं कारण पगार, बहुधा चांगला होता म्हणून. इथे नकार 'लीव्ह'पाशी थांबला आणि कारण त्याच्या बाहेर राहिलं. दोन अर्थ इतके लांब की एकात तो बेकार आहे आणि दुसऱ्यात खुर्चीवर पक्का. बोलताना आवाजाच्या चढउताराने कळतं, लिहिताना 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम दिला तर दुसऱ्या अर्थाकडे कल जातो. पण स्वल्पविरामावर करिअर टांगू नये.

मराठीतही 'मी पगारामुळे नोकरी सोडली नाही' हे तितकंच डळमळीत वाक्य आहे. आपण 'मी नोकरी सोडली ती पगारामुळे नव्हे' असं म्हणून सुटतो. 'नाही'हून वेगळा 'नव्हे' आहे म्हणून हे जमतं. इंग्रजीत हेच करायचं तर वाक्य उलटवावं लागतं: "आय लेफ्ट, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी." नकार कारणाच्या तोंडाशी नेऊन ठेवला की काम झालं.

'सांगितलं नाही' आणि 'नको सांगितलं'

"आय टोल्ड हिम नॉट टू साइन" आणि "आय डिड नॉट टेल हिम टू साइन". पहिल्यात मी अडवलं, दुसऱ्यात मी काहीच बोललो नसेन. भाडेकराराच्या किंवा जमिनीच्या भांडणात हा फरक फार महागात पडू शकतो.

बातम्यांत हे रोज घडतं. घोडबंदर रोडवरून जाणाऱ्या मेट्रो ४ बद्दल समजा कोणी मंत्री बोलले. 'मेट्रो या वर्षी सुरू होईल असं ते म्हणाले नाहीत' आणि 'मेट्रो या वर्षी सुरू होणार नाही असं ते म्हणाले' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात मंत्री गप्प आहेत, दुसऱ्यात त्यांनी हात वर केले. इंग्रजी बातमीतला "डिड नॉट से" घाईघाईत मराठी मथळ्यात 'होणार नाही' झाला, की संध्याकाळपर्यंत फ्लॅटच्या भावांवर चर्चा सुरू.

मग "आय डोन्ट थिंक ही विल कम" याचं काय, असं तुम्ही विचाराल. इथे नकार 'थिंक'वर बसलाय, तरी सगळे 'तो येणार नाही असं मला वाटतं' असंच समजतात. खरंय. 'थिंक', 'बिलीव्ह', 'एक्स्पेक्ट', 'वॉन्ट' अशी मोजकी क्रियापदं नकार आपल्या अंगावर घेतात, पण तो लागू होतो पुढच्या वाक्याला. मराठीतही 'मला वाटत नाही तो येईल' म्हणताना आपण हेच करतो. सौम्य वाटतं, म्हणून बँकेतला माणूस "आय डोन्ट थिंक युवर लोन विल बी अप्रूव्ह्ड" असं म्हणतो. पण 'से', 'नो' (म्हणजे जाणणे), 'प्रॉमिस', 'होप' यांना ही सूट नाही. "आय डिड नॉट प्रॉमिस टू कम" म्हणजे 'न येण्याचं वचन दिलं' असं कधीच होत नाही.

'अँड' की 'ऑर'

हे थोडक्यात. "द पॉलिसी डज नॉट कव्हर फ्लड ऑर अर्थक्वेक" म्हणजे पुराचंही नाही, भूकंपाचंही नाही. 'ऑर'च्या जागी 'अँड' आला तर एखादा वकील म्हणू शकतो की दोन्ही एकदम आले तरच पैसे मिळणार नाहीत. नकार आत शिरताना 'किंवा'चं 'आणि' आणि 'आणि'चं 'किंवा' होतं, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हे इंग्रज गणिती १८०६ साली मदुराईत जन्मले, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाहीत. पॉलिसी वाचताना 'नॉट'नंतर 'अँड' दिसला तर एजंटला लेखी खुलासा मागा.

घटनेतला एक 'ओन्ली'

आतापर्यंतची उदाहरणं बादल्या आणि मुलाखतींची होती. आता मोठं प्रकरण.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ चा पहिला भाग सांगतो, की राज्य कोणत्याही नागरिकाविरुद्ध "ऑन ग्राउंड्स ओन्ली ऑफ" धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारावर भेदभाव करणार नाही. इंग्रजीत आधी "शॅल नॉट डिस्क्रिमिनेट" येतं आणि त्यानंतर तो 'ओन्ली'. म्हणजे 'ओन्ली' नकाराच्या पल्ल्यात आहे. मग मनाई नक्की कशाला? भेदभावाला, की 'केवळ' याच कारणावरच्या भेदभावाला?

हा प्रश्न कागदी नव्हता. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी त्यांच्या सेवाशर्तींना आव्हान दिलं होतं. त्या अटींप्रमाणे पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती होती. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी जात असे, आणि पहिल्या गरोदरपणालाही जात असे. पुरुष कर्मचाऱ्यांना असे नियम नव्हते. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली, लग्नाची चार वर्षांची अट मात्र टिकवली. आणि कलम १५ बद्दल म्हटलं ते असं, की घटनेची मनाई फक्त लिंग आणि लिंग याच एका कारणावरच्या भेदभावाला आहे. लिंगाच्या जोडीला दुसरी काही कारणं असतील तर ही मनाई लागू होत नाही.

व्हॉल्वच्या भाषेत सांगायचं तर न्यायालयाने नकाराचा पल्ला अगदी आखूड धरला. सगळा भेदभाव बंद झाला नाही, एकाच कारणाची बारीक लाइन बंद झाली. तिच्या शेजारी दुसरी लाइन जोडली की पाणी पुन्हा सुरू. हवाई सुंदरी आणि हवाई पर्सर (विमानातले पुरुष कर्मचारी) ही वेगळी पदं आहेत, त्यांची भरती वेगळी, कामाच्या अटी वेगळ्या, असं म्हटलं की 'ओन्ली' उरतच नाही.

व्याकरण म्हणून हे वाचन चुकीचं नाही. 'नॉट'च्या पल्ल्यात 'ओन्ली' असेल तर 'केवळ यामुळे नाही' असाच अर्थ निघतो. पण व्यवहारात याने कलमाची धार जाते, कारण प्रत्यक्षात लिंगावरून होणारा भेदभाव एकटा कधीच येत नाही. तो नेहमी 'बायकांना घर सांभाळायचं असतं', 'प्रवाशांना तरुण चेहरे आवडतात' अशा कुठल्या ना कुठल्या समजुतीच्या सोबतीने येतो. २०१८ मध्ये, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंडविधानाच्या कलम ३७७ च्या खटल्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात १९८१ चं हे वाचन नाकारलं. लिंगाबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींवर उभा असलेला भेदभाव हा लिंगावरचाच भेदभाव, असा त्यांचा रोख होता. मला हे वाचन जास्त पटतं. 'ओन्ली' तिथेच राहतो, फक्त त्याच्या आत काय काय मोजायचं ते बदलतं.

जे म्हणतात की 'नॉट' कुठे आहे हा मास्तरांचा विषय, त्यांच्यासाठी हा एकच निकाल पुरे. विमानात काम करणाऱ्या बायकांची लग्नं आणि नोकऱ्या या शब्दक्रमाच्या वाचनावर अडकून होत्या.

दोन नकार म्हणजे होकार?

गणितात वजा गुणिले वजा अधिक. शाळेत इंग्रजीच्या तासालाही हेच सांगतात. पण चौदाव्या शतकातला कवी चॉसर एका वाक्यात तीन-तीन, चार-चार नकार सहज लिहायचा, आणि ते एकमेकांना खोडण्याऐवजी जोर द्यायचे. आजही इंग्रजीच्या अनेक बोलींत "आय डोन्ट नो नथिंग" म्हणजे मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. प्रमाण इंग्रजीने पुढे हे नाकारलं एवढंच. 'मला काहीच नको' म्हणताना आपण कुठे हिशेब करतो?

आणि जिथे दोन नकार खरोखर एकमेकांना छेदतात, तिथेही उत्तर पूर्ण अधिक येत नाही. "ही इज नॉट अनहॅपी" म्हणजे तो आनंदी आहे असं नाही. 'अन'चा पल्ला सिंकखालच्या व्हॉल्वएवढा, फक्त त्या एका शब्दापुरता. त्यावर बाहेरून 'नॉट' आला. दुःखी नाही, पण आनंदी असेलच याची खात्री नाही, मधल्या पट्ट्यात कुठेतरी. सरकारी आणि कॉर्पोरेट भाषेला हा मधला पट्टा फार प्रिय.

दोन नकारांत मोठमोठे घसरतात. जुलै २०१८ मध्ये हेलसिंकीला पुतिन यांच्या शेजारी उभं राहून ट्रंप म्हणाले, की अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीतल्या ढवळाढवळीमागे रशिया "वुड बी" असं मानायला मला कारण दिसत नाही. अमेरिकेत गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा केला, मला "वुडन्ट बी" म्हणायचं होतं, दोन नकारांचं वाक्य होतं ते. पहिल्या वाक्यात रशियाला क्लीन चिट मिळते, दुसऱ्यात संशय रशियावरच जातो. खुलासा खरा मानायचा की नाही हा राजकारणाचा प्रश्न आहे. पण दोन नकारांच्या वाक्यातला एक गळला तर अर्थ पार उलटतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, हे व्याकरणाच्या दृष्टीने शंभर टक्के खरं आहे.

ओटीपी आला नाही ना? येस!

आता रोजचा त्रास. बँकेच्या कॉल सेंटरवरून विचारतात, "सर, डिडन्ट यू रिसीव्ह द ओटीपी?" ओटीपी आलेला नसतो. आपण म्हणतो, "येस." पलीकडची मुलगी म्हणते, "ओके सर, प्लीज टेल मी द नंबर." आणि पुढची पाच मिनिटं दोघेही एकमेकांना मूर्ख समजतात.

चूक कोणाचीच नाही. 'ओटीपी आला नाही का?' याला आपण 'हो, नाही आला' म्हणतो. आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर. इंग्रजीतला 'येस' किंवा 'नो' समोरच्याशी सहमती दाखवत नाही, तो घटनेशी बांधलेला असतो. ओटीपी आला तर येस, नाही आला तर नो, प्रश्न कसाही विचारलेला असो. प्रश्नातल्या 'नॉट'चा पल्ला उत्तरापर्यंत येतच नाही. आपण मात्र तो मनातल्या मनात ओढून आणतो.

"डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" यात तर 'नॉट' दिसतही नाही, पण 'माइंड' म्हणजेच हरकत. लोकलमध्ये कोणी असं विचारलं आणि आपण प्रेमाने सरकत "येस, येस, प्लीज" म्हटलं, तर शब्दशः आपण हरकत घेतली. सरकून जागा दिलेली दिसते म्हणून बसणारा बसतो. फोनवर ते सरकणं दिसत नाही. तिथे 'येस' किंवा 'नो'वर न थांबता पूर्ण वाक्य बोलावं: "नो, आय डिड नॉट रिसीव्ह इट." कोर्टात उलटतपासणीत "यू डिडन्ट साइन धिस, डिड यू?" असं कोणी इंग्रजीत विचारलं तरीही तसंच. सही केली नसेल तर "आय डिड नॉट साइन इट", केली असेल तर "आय साइन्ड इट", आणि मग टंकलेखकाने नोंदीत काय लिहिलं तेही वाचून घ्यावं.